घरची माणसे आणि गिऱ्हाईक एकाच ग्रुपवर: थेट आंबा विकणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे

कातळावरची बाग (देवगड तालुका):

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची सुमारे ३०० कलमे आहेत. २०२० पर्यंत आमचा सगळा माल वाशीला जात असे आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडली की मगच आपल्या पेट्यांना काय भाव लागला ते कळत असे. त्या वर्षी ऐन हंगामात टाळेबंदी लागली, तेव्हा मी ठाणे-डोंबिवलीकडच्या नातेवाइकांना आणि कॉलेजच्या मैत्रिणींना व्हॉट्सॲपवर विचारले की तुमच्या सोसायटीत कोणाला आंबे हवे आहेत का. माझ्या नणंदेने एकटीने ६० पेट्यांची मागणी नोंदवून घेतली, पैसे आगाऊ गोळा केले आणि टेम्पो पोचला त्या दिवशी तोंडाला ओढणी बांधून, हातात वही घेऊन ती स्वतः गेटवर उभी राहिली. आमची थेट विक्री त्या ६० पेट्यांपासून सुरू झाली.

आज आमच्या ग्रुपवर २४० जण आहेत. निम्मे घरचे, निम्मे गिऱ्हाईक, आणि काही जण दोन्ही. मोहोर आला की मी फोटो टाकते, फळ धरले की टाकते, मार्चपासून भाव आणि गाडी सुटण्याचे वार टाकते. फेसबुकवर माझ्या स्वतःच्या खात्यावरही हेच चालते. या डिसेंबरात पुण्याची माझी मावशी १२ दिवस रुग्णालयात होती आणि ते मला ती घरी आल्यावर आठवड्याने समजले. मावसबहिणीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुझा मेसेज आला की तो आंब्याचाच असणार असे धरून आम्ही उघडत नाही, आणि आईच्या आजारपणाची बातमी भावाच्या यादीखाली टाकणे मला बरे वाटले नाही." ती रागाने बोलली नाही, म्हणूनच ते मला जास्त लागले.

दुसरी गोष्ट गेल्या हंगामातली. ग्रुपच्या लिंकवरून कोणी अनोळखी विक्रेता आत आला, त्याने सगळ्यांचे नंबर उचलले आणि 'देवगड हापूस, बागेतून थेट' असे म्हणत आमच्यापेक्षा डझनामागे २०० रुपये कमी भाव एकेकाला कळवला. चार घरांनी तो माल आमचाच समजून घेतला. फळ परराज्यातले निघाले आणि तक्रारीचे फोन मला आले.

हंगाम तोंडावर आला आहे. घरचे आणि धंद्याचे नंबर वेगळे करावेत का? केले, तर जे केवळ ओळखीखातर आंबे घेतात ते तुटतील का? आणि फेसबुकवर स्वतःच्या खात्यावरून विकणे चालू ठेवावे, की वेगळे पेज काढावे?

लोणच्याची बरणी (पुणे):

ताई, बाकीचा विचार नंतर करा, पण ग्रुपची जुनी लिंक आजच रीसेट करा. तसे केले की जुनी लिंक कोणाच्याही हाती असली तरी ती निकामी होते. तरीही आत असलेल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसत राहतात, कारण साध्या ग्रुपची रचनाच तशी आहे. म्हणून ज्यांची आपसांत ओळख नाही अशा गिऱ्हाइकांना एका ग्रुपवर ठेवणे मला मुळातच योग्य वाटत नाही. त्यांनी नंबर आपल्याला दिलेला असतो, उरलेल्या २३९ जणांना नव्हे.

मी ११ वर्षे घरून लोणची आणि मसाले विकते. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या मुंजीचे फोटो स्टेटसला ठेवले होते, त्यावर एका बाईंनी विचारले की कैरीचे लोणचे अर्धा किलोच्या बरणीत मिळेल का. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांच्यासाठी तो नंबर दुकानाचाच होता. त्याच आठवड्यात मी दुसरे सिमकार्ड घेतले. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले, ते मोफत आहे आणि वेगळ्या नंबरवर त्याच फोनमध्ये घरच्या व्हॉट्सॲपशेजारी चालते. त्यात मालाची सूची भावासह मांडता येते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येते. माझी लेबले 'तिखट कमी', 'पैसे यायचे' आणि 'कुरियर दिले' अशी साधी आहेत. तुम्ही शहर आणि सोसायटीप्रमाणे लावलीत तर गाडी भरताना वही उघडावी लागणार नाही.

ग्रुपऐवजी मी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते. एका यादीत २५६ जण घेता येतात, प्रत्येकाला मेसेज स्वतंत्र पोचतो आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. मात्र ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो मेसेज मिळतो. पुष्कळांना ही अडचण वाटते, मला मात्र हाच त्यातला सर्वांत चांगला भाग वाटतो, कारण ज्याला खरोखर हवे आहे तोच नंबर जतन करतो. मी जुन्या ४१० जणांना एकेक करून लिहिले की यापुढे लोणच्याचे निरोप या नव्या नंबरवरून येतील, हवे असतील तर तो जतन करून 'हो' एवढेच कळवावे, नको असल्यास काही करण्याची गरज नाही. १८० जणांनी 'हो' कळवले. पहिल्या उन्हाळ्यात मागणी थोडी उतरली, दिवाळीपर्यंत पूर्ववत झाली. आणि जी माणसे 'हो' म्हणाली नाहीत ती आजही माझ्या घरी हळदीकुंकवाला येतात.

जाहिरातीचे काम करणारा (नाशिक):

वरचा सल्ला पटला. फेसबुकविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण छोट्या दुकानांची आणि बागायतदारांची खाती सांभाळणे हेच माझे रोजचे काम आहे.

पेज जरूर काढा. वैयक्तिक खात्याला ५,००० मित्रांची मर्यादा असते आणि जाहिरातीसाठी शहर किंवा त्याभोवतीचा परिसर निवडण्याची सोय पेजवरून मिळते. परंतु केवळ पेज काढून तेथे भाव टाकत राहिल्याने पेट्या खपतील अशी अपेक्षा ठेवू नका. ११ जानेवारी २०१८ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी स्वतः जाहीर केले होते की यापुढे लोकांना कुटुंबीय आणि मित्रांच्या पोस्ट अधिक दिसतील आणि व्यवसाय, ब्रँड व वृत्तसंस्था यांच्या पोस्ट कमी दिसतील. पैसे न भरता पेजवरून दूरवर पोचण्याचे दिवस तेव्हापासूनच ओसरत गेले. म्हणून पेज हे आपल्या दुकानाची पाटी समजावे: पत्ता, फोन, बागेचे फोटो आणि मागणी नोंदवण्याची रीत तेथे असावी, आणि हंगामाच्या तोंडावर जेथे गाडी जाणार आहे त्या दोन-तीन शहरांपुरती थोडी जाहिरात द्यावी.

आता तोतया विक्रेत्याविषयी. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव देण्याची कायदेशीर नोंद) मिळाले आणि त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी झाली असेल तर ती पेजवर आणि पेटीवर ठळकपणे दाखवा. नसेल तर या वर्षी तो अर्ज सर्वांत आधी करा. 'बागेतून थेट' हे शब्द कोणीही लिहू शकतो. कलमाखाली उभे राहून, फळ देठासह कसे उतरवतो ते दाखवणारी तुमची एक मिनिटाची ध्वनिचित्रफीत मात्र दुसऱ्या कोणाला सहज उभी करता येणार नाही.

एक सूचना नात्यातल्या प्रसिद्धीविषयी. घरातली एखादी भाची इन्स्टाग्रामवर लोकप्रिय असते, तिला आपण पेटी भेट देतो आणि ती कौतुकाची रील टाकते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने यासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार फुकट मिळालेली वस्तूच नव्हे, तर कौटुंबिक नातेसुद्धा पाहणाऱ्याला स्पष्टपणे सांगावे लागते. 'ही माझ्या मामीची बाग आहे' हे वाक्य तिने पहिल्याच क्षणी म्हणावे. माझ्या अनुभवात त्याने विश्वास कमी होत नाही.

एका बाबतीत मात्र मी लोणच्याच्या ताईंपेक्षा वेगळे सांगेन. स्वतःच्या खात्यावरून आंबा पूर्णपणे पुसून टाकू नका. बाग हे तुमचे आयुष्य आहे आणि मोहोराचा फोटो मावशीलाही पाहावासा वाटेल. भाव, वार आणि बँकेचे तपशील तेवढे तेथून काढा.

तिसरा मजला (डोंबिवली):

मी विक्रेता नाही, गिऱ्हाईक आहे. आणि आमच्या सोसायटीत आंब्यांच्या पेट्या उतरवून वाटण्याचे काम गेली पाच वर्षे माझ्याकडे आहे. म्हणून ताईंच्या प्रश्नाची दुसरी बाजू लिहावीशी वाटली.

गेल्या वर्षी एका बागायतदाराच्या पेटीत दोन डझनांतल्या तीन फळांत साका निघाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बाहेरून फळ निर्दोष, केशरी, घमघमणारे असते, सुरी फिरवली की आत कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर दिसतो. मी फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत तो काढून टाकण्यात आला आणि मला स्वतंत्रपणे निरोप आला की तक्रार खासगीत करावी. मी पुन्हा त्यांच्याकडून आंबे घेतले नाहीत, आणि त्याचे कारण साका नव्हते. पुढच्या खेपेला ज्यांच्याकडून घेतले, त्यांनी तशाच तक्रारीवर सर्वांसमोर लिहिले की हा दोष कापल्याशिवाय कळत नाही, झाडावर जास्त राहिलेल्या आणि उन्हाच्या झळा लागलेल्या फळात तो अधिक येतो, आम्ही चौदा आण्यांचे, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधीचे, फळ काढून लगेच सावलीत ठेवतो, तरीही काही फळे निघतात, ज्यांना निघाली त्यांनी कापलेल्या फळाचा फोटो पाठवावा. पुढच्या गाडीत सहा फळे वेगळ्या पिशवीत, वर माझे नाव लिहून आली. आमच्या इमारतीत आता त्यांच्याच पेट्या येतात.

म्हणून ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल माझी एक शंका आहे. तेथे प्रत्येक जण एकेकटा असतो, त्यामुळे एकाच्या तक्रारीचे उत्तर दुसऱ्याला दिसत नाही. अशी उत्तरे तुमच्या पेजवर तरी उघडपणे द्यावीत.

आणि शेवटचे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुमच्या प्रश्नात मावशी आहेत, गिऱ्हाईक आहेत, पण ज्या नणंदबाईंनी गेटवर उभे राहून ६० पेट्या वाटल्या त्यांचे आजचे काय, ते नाही. पेटी आली की काम संपत नाही. रात्री साडेदहाला फोन येतो की आंबे अजून हिरवे आहेत; मग पेंढा काढू नका, दोन दिवस थांबा, फ्रिजमध्ये ठेवू नका, हे प्रत्येकाला समजवावे लागते. कोणाचे पैसे राहिले तर शेजाऱ्याकडे मागण्याचा संकोच आपल्यालाच होतो. मी हे आवडीने करतो, पण मला कोणी तरी विचारावे असे मलाही वाटत आले आहे. त्यांना विचारा.

कातळावरची बाग (देवगड तालुका):

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या दादांचे लिहिणे वाचल्यावर आधी नणंदेशी बोलल्याशिवाय येथे काही लिहिणे मला योग्य वाटले नाही.

वन्संना फोन केला. त्या आधी म्हणाल्या की काही त्रास नाही. मी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे दुखतात, गाडी पहाटे पाचला येते आणि खालपर्यंत चार-चार फेऱ्या होतात, पण 'माहेरच्या बागेचे काम' म्हणून त्या बोलल्या नाहीत. या वर्षीपासून त्यांच्या सोसायटीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा पेटीमागे ठरलेली रक्कम घेऊन वाटप करेल, पैसे यूपीआयने थेट आमच्या खात्यात येतील आणि आंबे कधी पिकतील हे विचारणारे फोन माझ्या नव्या नंबरवर येतील. वन्संकडे त्यांची स्वतःची पेटी जाईल, तिचा हिशेब होणार नाही.

लिंक रीसेट केली, नवे सिमकार्ड घेतले. जुन्या ग्रुपवर सगळे स्पष्ट लिहिले आणि ३१ तारखेला तो बंद करत असल्याचे कळवले. आतापर्यंत ९४ जणांनी 'हो' लिहिले आहे. मानांकनाच्या नोंदणीची कागदपत्रे यजमान जुळवत आहेत.

मावशीला जुन्या नंबरवरून फोन केला आणि मनाशी ठरवले होते की बागेचे नावही काढायचे नाही. तब्येतीचे, औषधांचे, तिच्या सुनेचे असे अर्धा तास बोलणे झाले. फोन ठेवताना तीच म्हणाली, "मोहोर कसा आहे ग या वर्षी? फोटो नाही टाकलास."

नाशिकच्या दादांना एक विचारायचे आहे. पेजवर तक्रारींची उत्तरे उघडपणे देताना गिऱ्हाइकाने पाठवलेला कापलेल्या फळाचा फोटो दाखवायचा असेल, तर दर वेळी त्यांची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी, की मागणी नोंदवतानाच एकदा विचारून ठेवले तर चालेल?