आधी फ्यूम हूडकडे बघा
प्रयोगशाळेची वीज वाचवायची तर छतावर सोलर बसवा, दिवे एलईडी करा, असं सुचवलं जातं ते बरोबरच. पण नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्याकडच्या रसायनांच्या प्रयोगशाळांत वीज मुख्यतः हवेवर जाते. फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारं, सरकत्या काचेचं कपाट) बाहेर फेकतो ती हवा आपण पैसे मोजून थंड आणि कोरडी केलेली असते. जुलैच्या दमटपणात हे फारच महाग पडतं. काम नसताना हूडची काच खाली ओढा. मात्र पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) हवाच, नाहीतर बऱ्याच जुन्या हूडमध्ये काच बंद असूनही तेवढीच हवा ओढली जाते. वेग 80 टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. हूडमध्ये काम सुरू असताना प्रवाह अजिबात कमी करू नका. तिथे सुरक्षा अधिकाऱ्याचाच शब्द शेवटचा.