‘शेळ्यांचा गोठा’ म्हणणं चूक आहे का?

मुळाक्षर:
गोठा म्हणजे ‘गो + ठाव’, गाईचं ठिकाण, अशी फोड सगळीकडे वाचायला मिळते. ती खरी धरली तर ‘शेळ्यांचा गोठा’, ‘म्हशींचा गोठा’ हे प्रयोग चुकीचे ठरतात का? शिवाय ‘गोष्ट’ हा शब्दही गोठ्यातूनच आला असं एकाने ठासून सांगितलं. हे जरा ओढूनताणून वाटतं. जाणकारांनी उलगडा करावा.

ओठ_काठ_पाठ:
‘ठाव’ काढून टाका. गोठावचा शेवटचा ‘व’ गेला कुठे, याचं उत्तर ती फोड देत नाही. सरळ वाट अशी: संस्कृत गोष्ठ, त्याला ‘क’ लागून गोष्ठक, प्राकृतात गोट्ठअ, मराठीत गोठा. शेवटचा ‘आ’ त्या ‘क’च्या जागी आला आहे, घोटकचा घोडा झाला तसाच. ‘ष्ठ’चा ‘ठ’ होणं तर नेहमीचंच: ओष्ठ-ओठ, पृष्ठ-पाठ, कोष्ठ-कोठा. गोष्ठ मधला ‘ष्ठ’ हा ‘स्था’ धातूचा, ‘गो’पुढे ‘स’चा ‘ष’ होतो, त्याला पाणिनीचं सूत्रच आहे (8.3.97). ठाव आणि ठाणही त्याच धातूचे, म्हणून ती फोड पटकन पटते. पण ते गोठ्याचे भाऊबंद, बाप नव्हेत.

आता शेळ्या. या शब्दातली गाय संस्कृतातच पुसट झाली होती. पाणिनीच्या सूत्रांवरच्या वार्तिकात ‘गोष्ठ’ हा चक्क प्रत्यय मानलाय: जनावराच्या नावाला तो लावायचा आणि त्या जनावराची जागा असा अर्थ घ्यायचा. उदाहरण अविगोष्ठ, म्हणजे मेंढ्यांचा गोठा. आणि गाईंच्या गोठ्याला? गोगोष्ठ! गाय दोनदा सांगावी लागली, म्हणजे पहिली कुणाला ऐकूच येत नव्हती. तेव्हा व्युत्पत्तीच्या नावाखाली ‘शेळ्यांचा गोठा’ खोडू नका. तेल हा शब्द तिळावरून आला म्हणून शेंगदाण्याचं तेल कुणी नाकारत नाही.

पाणिनीचं आणखी एक सूत्र (5.2.18) मला फार आवडतं: जिथे पूर्वी गोठा होता आणि आता नाही, अशा जागेला ‘गौष्ठीन’ म्हणायचं. मोडलेल्या गोठ्याला स्वतंत्र शब्द!

गुजगोष्ट:
‘गोष्ट’बद्दल. गोठ्यातून आली हे अर्धंच खरं, दोघांचं मूळ मात्र एक. गोष्ठ म्हणजे गुरं जमण्याची जागा, गोष्ठी म्हणजे माणसांचं जमणं. अमरकोशात गोष्ठी हा शब्द परिषद, सभा, समिती यांच्या रांगेत बसवलाय. पुढे जमण्यावरून जमल्यावर चालणारं बोलणं, आणि बोलण्यावरून कथा. मधला अर्थ मराठीत अजून शिल्लक आहे: ‘चार गोष्टी केल्या’ म्हणजे कथा सांगितल्या नव्हे, गप्पा मारल्या.

मग एकात ‘ठ’ आणि दुसऱ्यात ‘ष्ट’ का? गोठा प्राकृतातून झिजत आला. ‘गोष्ट’ संस्कृतातून पुन्हा उचलली आणि उच्चारात ‘ठ’चा ‘ट’ झाला. झिजलेलं रूपही होतं. ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ भेटते.

दावं_खुंटा:
व्युत्पत्ती काही म्हणो, वापरात भेद आहे आणि तो पाळावा. गोठ्याला छप्पर हवं, खुंटा हवा, गव्हाण हवी. (गव्हाण ही संस्कृत गवादनी, गाईची खाण्याची जागा. पण तीही आता म्हशीला चालते.) वाडा म्हणजे नुसतं कुंपण: मेंढवाडा. संस्कृत वाटक, दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ट’चा ‘ड’ झाला. रस्ता या अर्थाची ‘वाट’ वेगळी. ती वर्त्म-वट्टवरून आली, जोड ‘ट्ट’ होता म्हणून ‘ट’ टिकला. कोंबड्यांचं खुराडं, घोड्यांची पागा (ही फारसी पायगाहवरून). तबेलाही मुळात घोड्यांचाच, पण मुंबईत तो म्हशींचा झाला. 1949 साली आरे दूध वसाहत उभी राहिली ती शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठीच.

कोंडवाडा हा कायद्यातला. 1871च्या कायद्यानुसार पिकात शिरलेलं जनावर धरलं की 24 तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. तिथे बांधण्याची नव्हे, अडकवण्याची सोय, म्हणून त्याला गोठा म्हणत नाहीत.

सरकारी मराठीही हा भेद पाळते. रोजगार हमीतून 2021पासून जी ग्रामसमृद्धी योजना चालते तिच्यात गाई-म्हशींसाठी ‘पक्का गोठा’ आहे (6 गुरांना 7.7 × 3.5 मीटर, गव्हाण आणि 250 लिटरचं मूत्रसंचय टाकं), शेळ्यांना मात्र ‘शेळीपालन शेड’. अर्जात शब्द योजनेतलाच लिहा. ‘शेळ्यांचा गोठा’ लिहिलंत तर मराठी बरोबर असूनही कागद भलत्याच फायलीत जाऊ शकतो.

मुळाक्षर:
आभार. गोगोष्ठ वाचून हसू आवरेना. ‘मुक्त संचार गोठा’ मग वदतोव्याघात नाही का? त्यात खुंटाच नसतो.

दावं_खुंटा:
खुंटा नसतो, पण छप्पर आणि गव्हाण असते. दर गाईमागे साधारण 3.5 चौरस मीटर छपराखाली आणि 7 चौरस मीटर मोकळं अंगण, भोवती कुंपण. म्हणजे अर्धा गोठा, अर्धा वाडा. मोकळी जागा कमी ठेवली तर दांडगी जनावरं गव्हाण अडवतात आणि गरीब गाय उपाशी राहते, म्हणून नावावर न जाता मापावर जा.

ओठ_काठ_पाठ:
एक राहिलं: गोठण. दुपारी गुराखी गुरं जिथे बसवतो ती सावलीची, पाण्याजवळची मोकळी जागा. इथे मात्र मूळ गोस्थान, म्हणून शेवटी ‘ण’. राजापूर तालुक्यातलं गोठणे हे गावाचं नाव यातलंच. थंडीने गोठण्याशी त्याचा संबंध नाही. छत्तीसगडात हाच शब्द ‘गौठान’, आणि 2020 साली तिथल्या सरकारने 2 रुपये किलोने शेण घ्यायला सुरुवात केली ती या गौठानांवरच.