एस्पोसितो हे मुळात कोणते घराणे?

प्रश्न
पिझ्झा मार्गेरिताच्या कथेतील राफाएले एस्पोसितोपासून आजच्या फुटबॉलपटूंपर्यंत हे आडनाव सतत भेटते. एका संकेतस्थळावर या घराण्याचे कुलचिन्हही विक्रीला ठेवलेले दिसले. एवढा विस्तार असलेल्या या घराण्याचे मूळ गाव कोणते असावे?

उत्तर १
असे एक घराणे नाहीच, त्यामुळे कुलचिन्ह विकत घेण्यात अर्थ नाही. लॅटिन ‘एक्स्पोसितुस’ म्हणजे बाहेर ठेवलेला. टाकून दिलेल्या अर्भकांना हे नाव दिले जाई. नेपल्समध्ये आनुन्त्सियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत लाकडी फिरते चाक होते. बाहेरून मूल त्यात ठेवून चाक फिरवले की ते आत पोहोचे आणि ठेवणाऱ्याचा चेहरा आतल्यांना दिसत नसे. अशा असंख्य मुलांचे, एकमेकांशी रक्ताचे नाते नसतानाही, आडनाव एकच झाले. हा शिक्का आयुष्यभर चिकटतो म्हणून राजा जोआकिम म्युराच्या राजवटीत, 1814 मध्ये, तो देण्यास बंदी झाली. चाक मात्र 1875 मध्ये बंद झाले.

उत्तर २
वरील माहितीला जोड देतो. इतर शहरांनी अशा मुलांसाठी आपापली नावे योजली. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’, फ्लॉरेन्समध्ये तेथील प्रसिद्ध अनाथालयावरून ‘इनोचेंती’, तर मिलानमध्ये रुग्णालयाच्या चिन्हातील कबुतरावरून ‘कोलोंबो’. अर्थात कबुतरे पाळणाऱ्यालाही कोलोंबो म्हणत असल्यामुळे प्रत्येक कोलोंबोचा पूर्वज अनाथ होता, असे समजणे चुकीचे ठरेल.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे एस्पोसितोंचे मूळ पुरुष अनौरस होते, असे म्हणता येईल का?

उत्तर १
सरसकट तसे म्हणू नये. विवाहित पण अन्नाला महाग झालेली जोडपीही मूल ठेवून जात, आणि पुढे दिवस पालटले तर ओळख पटावी म्हणून त्याच्यासोबत अर्धे कापलेले पदक किंवा चिठ्ठी ठेवत. दुसरा अर्धा भाग आईबापांपाशी राही. म्हणून वंशावळ शोधायची असेल, तर आडनावाऐवजी ठरावीक पूर्वजाचे नाव आणि जन्मवर्ष घेऊन मागे जावे. नेपल्सच्या राज्यात 1809 पासून नागरी जन्मनोंदी सुरू झाल्या, त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि आनुन्त्सियाताची दप्तरे पाहावी लागतात. ‘चाकातून आलेले’ अशी नोंद सापडली, तर शोध बहुधा तिथेच थांबतो.