सोसायटीच्या ग्रुपवर: ओमची पँट, टाकी सफाई आणि डी विंगची शिलाई मशीन

वैशाली (बी 203): शाळा उघडायला आठवडा राहिला आणि ओमची पँट अजून नाही. अख्ख्या नागपुरात बर्डी झाली, महाल झालं, शाळेने सांगितलेलं दुकानही झालं. कंबरेत बसते ती पायात लोळते, लांबीला बरोबर ती बटणापर्यंत येत नाही. दुकानदार म्हणे, मॅडम मोठ्या पोराचा नंबर न्या आणि खालून कापा. कापली. आता गुडघ्याची जागा पोटरीवर आली आणि पायाची खालची मोहरी एवढी रुंद की पोरगा झाडू मारत चालल्यासारखा दिसतो. आहे चौथीत! कुणाला वाजवी भावात नीट बसणारं ठिकाण माहीत असेल तर सांगा. आणि प्लीज, ऑनलाइन बघ म्हणून सांगू नका. परत जाणारी पार्सलं पाहून वॉचमनदादा पण हसून राहिले आता.

राजेश (सचिव): सर्व सभासदांना सूचना. उद्या रविवार, सकाळी 10 ते 2 टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे. 🙏

प्रणाली (सी 402): वैशाली, ऑनलाइन पाहिलंस का?

वैशाली (बी 203): प्रणाली, मेसेज पूर्ण वाच ना बाई.

प्रणाली (सी 402): सॉरी सॉरी. पण मी विहानचं सगळं तिथूनच घेते. त्याचं उलटं आहे, नुसती उंची, कंबर नाहीच. लांबीप्रमाणे घेतली की कंबरेत अजून एक पोर मावेल. म्हणून आतून काजवाली इलॅस्टिक असते ना, दोन्ही बाजूंनी ओढून बटणात अडकवायची, तीच शोधते.

सुनीता काकू (ए 202): ती पट्टी बारीक पोरांसाठी, प्रणाली. ती कंबर आत घेते, बाहेर सोडत नाही. ओमला तिचा काय उपयोग?

बोंडे काका (ए 101): पँट सैल करण्यापेक्षा तर्री-पोहे कमी करा पोराचे! आमच्या वेळी एका पँटमध्ये तीन भाऊ शिकले. हाहाहा

बोंडे काका (ए 101): आणि हो, पार्किंगमध्ये माझ्या जागेवर पुन्हा पांढरी ॲक्टिव्हा उभी आहे. कोणाची आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही.

वैशाली (बी 203): काका, वजनाचं आम्ही डॉक्टरांशी बोललो आहोत, ते पाहून राहिले. तोपर्यंत पोराला शाळेत काय घालून पाठवू? टॉवेल? तो फोन वाचतो आता, एवढं लक्षात ठेवा.

बोंडे काका (ए 101): गंमत केली बाप्पा. एवढं मनावर काहून घेता.

निखिल (ए 305): काका, मागच्या गणपतीत तुमचीच पँट सेफ्टी पिनवर होती, आरतीला टाळ्या पण एका हातानेच वाजवत होते.

बोंडे काका (ए 101): ती पँट धुण्यात आटली होती.

निखिल (ए 305): हाव. दरवर्षी आटते.

मिलिंद सर (सी 101): ज्या गावात जमशेटजी टाटांनी 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केली, त्या गावात चौथीच्या मुलाला पँट मिळत नाही. आज त्या जागेवर मॉल आहे आणि मॉलमध्येही मिळत नाही. विचार करण्यासारखी बाब आहे.

निखिल (ए 305): सर, आता मिलवर जाऊ नका, मागच्या वेळी रात्री साडेअकरापर्यंत चाललं होतं. वैशालीताई, गांधीबागेत पाहा. फक्त कार नेऊ नका. मी मागे व्हरायटी चौकाजवळ दहा मिनिटं लावली तर उचलून नेली. मेट्रोच्या ॲक्वा लाइनने जा, अग्रसेन चौकाला उतरा.

वैशाली (बी 203): गांधीबागेत तयार पँट कुठे मिळते? कापड मिळतं.

निखिल (ए 305): मग कापड घ्या.

वैशाली (बी 203): आणि शिवणार कोण? तू?

राजेश (सचिव): उद्या रविवार, सकाळी 10 ते 2 टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे. 🙏

सुनीता काकू (ए 202): वैशाली, नीट सांगते, टाइप करायला वेळ लागतो म्हणून थांबले होते. तयार पँटचा नंबर पोराच्या वयावर आणि उंचीवर चढतो. कंबर त्यामागे फरफटत येते. 9-10 वर्षे लिहिलेलं असतं म्हणजे कंपनीच्या डोक्यातलं 9-10 वर्षांचं पोरगं, आपलं नाही. भरलेल्या अंगाच्या मुलाला कंबर पाहूनच घ्यावी लागते हे खरं, पण खालून दोन-अडीच इंचांपर्यंत कापली तर चालते. त्याच्यावर कापलं की गुडघा खाली राहतो. मग मांडीच्या खालपासून दोन्ही बाजूंची शिलाई उसवून पाय पुन्हा निमुळता करावा लागतो. दुकानातला अल्टरवाला ते करत नाही, फक्त कापतो आणि दुमडतो. तेच तुझं झालं.

सुनीता काकू (ए 202): दुसरं. घ्यायच्या आधी पँट उलटी करून मागची मधली शिलाई पाहायची. आत दाब, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, किती सोडलाय? इंचभर असला तर कंबर वाढते. स्वस्तातल्या पँटला दाबच नसतो, कापडाच्या काठावर इंटरलॉक मारून मोकळे. ती कितीही चांगली दिसली तरी ठेवून द्यायची.

प्रणाली (सी 402): काकू, आणि बारीक मुलांना कंबर आत घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात, त्याचं काय?

सुनीता काकू (ए 202): दोन इंचांच्या वर मागून घेतली की चिकटणारच. मग बाजूच्या शिलाईतून घ्यायची, बेल्ट म्हणजे कंबरेची शिवलेली पट्टी काढून. मेहनतीचं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

वैशाली (बी 203): काकू, लांबी-कंबर सोडा, मोठं दुखणं आसनाचं, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या भागाचं आहे. उभा असला की ठीक. बसला की मागून पँट खाली सरकते, पुढून बटण पोटात रुततं. परवा काढली तर पोटावर इलॅस्टिकचे दात उमटले होते, लाल रेघच. आणि शाळेत शर्ट खोचायचाच असतो. त्यात मांड्या घासून घासून... जून महिना आहे, पावसाचा पत्ता नाही, नुसती उकड.

जोशी वहिनी (डी 204): टेरिकॉट बंद करा आधी. आमच्या मोठ्याला पण असंच व्हायचं. सुती जास्त असलेलं कापड घ्या, आणि शिवायच्या आधी पाण्यातून काढा, नाहीतर बोंडे काकांसारखी आटेल.

बोंडे काका (ए 101): माझ्या पँटवर चर्चा करायला ठराव केलाय का?

संगीता (बी 401): शाळा म्हणते त्यांच्याच दुकानातून घ्या, त्याच कापडाची. अशी सक्ती करता येते का हो?

मिलिंद सर (सी 101): विशिष्ट दुकानाची सक्ती करता येत नाही. रंग आणि नमुना शाळा ठरवू शकते, दुकान नाही. मी 31 वर्षे शिक्षक होतो. मुख्याध्यापकांना साध्या शब्दांत पत्र द्या, मुलाला तयार माप बसत नाही, याच रंगाची शिवून घेत आहोत. कोणी अडवणार नाही.

निखिल (ए 305): तिथे टॅक्स पण भारी लावून राहिले म्हणतात.

मिलिंद सर (सी 101): कपड्याच्या एका नगाची किंमत 2500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्केच आहे, सप्टेंबर 2025 पासून. मुलाच्या पँटला त्यापेक्षा जास्त लावला असेल तर बिल मागा.

संगीता (बी 401): बिल कोण देतं सर. कागदाच्या चिठ्ठीवर आकडा असतो.

संगीता (बी 401): खरं सांगू? डी विंगच्या रेखाताईंची शिलाई मशीन चालू होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आमच्या पिऊचा सलवारीचा सेट, शाळेची पँट, सगळं जिना उतरलं की होत होतं.

सुनीता काकू (ए 202): तेच मी म्हणणार होते, पण म्हटलं जाऊ द्या.

जोशी वहिनी (डी 204): आता विषय माझ्यावर येणार हे माहीतच होतं.

संगीता (बी 401): मी कुणाचं नाव घेतलं का?

जोशी वहिनी (डी 204): नाव न घेताच तर सगळं होतं या ग्रुपवर. त्या वर्षी आमचे बाबा ऑपरेशन होऊन पडलेले होते. खालून दुपारभर मोटरची घरघर, फरशी हलायची. मी सचिवांना फक्त एवढं विचारलं की वेळ ठरवता येईल का. त्यांचा शिवणकामाचा बोर्ड काढायला मी सांगितलं नव्हतं. ते कमिटीने केलं.

राजेश (सचिव): कमिटीने नाही, सर्वसाधारण सभेने. आणि आजच्या चर्चेचा विषय हा नाही. उद्या 10 ते 2 टाकी सफाई.

निखिल (ए 305): भाऊ, टाकीचं सगळ्यांनी वाचलं.

राजेश (सचिव): मागच्या वेळी पण सगळ्यांनी वाचलं होतं आणि 11 वाजता मला 14 फोन आले. पाणी का नाही म्हणून.

मिलिंद सर (सी 101): सभेच्या इतिवृत्ताची प्रत माझ्याकडे आहे. ठरावात दोनच गोष्टी आहेत. बाहेर बोर्ड लावू नये आणि बाहेरची गिऱ्हाइकं दिवसभर जिन्यात बसवू नयेत. सोसायटीतल्या लोकांचं शिवू नये असं कुठेही नाही. मशीन बंद करा असंही नाही.

सुनीता काकू (ए 202): मग हे तेव्हा का नाही बोललात सर?

मिलिंद सर (सी 101): बोललो होतो. तेव्हा चहा आला.

रेखाताई (डी 104): वाचून राहिली सकाळपासून.

(रेखाताई (डी 104) यांनी एक संदेश हटवला)

निखिल (ए 305): ताई, काय हटवलं? आम्ही पाहिलंच नाही.

रेखाताई (डी 104): नाही पाहिलं ते बरं झालं. वैशाली, ओमले घेऊन ये संध्याकाळी. येताना त्याची जी पँट सगळ्यात कमी त्रास देते ती आण, मग ती घरातली हाफ पँट का असेना. तिच्यावरून आसन घेते मी. माप पोरगा बसलेला असताना घ्यायचं असतं, तेही जेवल्यावर. उभ्याचं माप घेऊन शिवलं की वर्गात बसल्यावर पोटात रुततंच. बसलं की अशा पोराची कंबर दीड-दोन इंच वाढते. आणि मागचं आसन पुढच्यापेक्षा उंच ठेवायचं, मग सरकत नाही.

रेखाताई (डी 104): पुढे सपाट बेल्ट आणि हुक, मागे अर्ध्या कंबरेला इलॅस्टिक. रुंद इलॅस्टिक, बारीक नाही. बारीक रुतते. बाहेरून शर्ट खोचला की साधी पँटच दिसते, कोणी हसणार नाही. मांडीत आसनाच्या जोडावर चौकोनी तुकडा टाकते, तिथेच फाटते आणि तिथेच घासते.

वैशाली (बी 203): ताई, मला आधीच तुमच्याकडे यायला पाहिजे होतं, पण त्या सभेनंतर कसं विचारू म्हणून...

रेखाताई (डी 104): सभेत तू पण होतीच. असो. 58 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं कापड आण, सव्वा मीटर. दोन पँट करायच्या तर अडीच मीटर. दाब भरपूर सोडते, पुढच्या वर्षी पण चालेल, मोहरी दुमडून ठेवते खाली. आधी एकच शिवू, आठवडाभर घालू दे, मग दुसरी.

प्रणाली (सी 402): ताई, शिलाई किती? विचारून ठेवते विहानसाठी.

रेखाताई (डी 104): 350.

प्रणाली (सी 402): बापरे. बर्डीत तयार पँटच 450 ला मिळते ना ताई. सोसायटीतल्यांना थोडं कमी करा.

सुनीता काकू (ए 202): प्रणाली, ती 450 ची दोनदा परत केलीस, तिसरी कपाटात आहे. तूच परवा सांगत होतीस.

रेखाताई (डी 104): 350 च. पोराची पँट मोठ्या माणसाच्या पँटपेक्षा कापड कमी घेते, मेहनत कमी घेत नाही. खिसे तेवढेच, चेन तेवढीच, बेल्ट तेवढाच.

जोशी वहिनी (डी 204): रेखाताई, तुम्ही करा. बाबा आता नाहीत. दुपारी चालवली तरी मला त्रास नाही. आधीच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

रेखाताई (डी 104): दुपारी 3 ते 6 चालवीन. त्यापुढे नाही. आणि राजेशभाऊ, हे लिहून द्या मला. ग्रुपवर नाही, लेटरपॅडवर. सही-शिक्क्याचं.

राजेश (सचिव): अध्यक्षांना विचारून सांगतो.

संगीता (बी 401): अध्यक्षांच्या मिसेसचे ब्लाऊज कोण शिवतं ते विचारा आधी त्यांना.

राजेश (सचिव): ठीक आहे, देतो. सोमवारी. बोर्ड मात्र नाही.

रेखाताई (डी 104): बोर्ड कशाले पाहिजे आता. सकाळपासून हेच तर चाललं इथे.

संगीता (बी 401): ताई, पिऊची सलवार पण. आणि दोन पिको-फॉल.

निखिल (ए 305): माझ्या जीन्सची चेन.

प्रणाली (सी 402): विहानची पण घ्या, 350 ला चालेल.

रेखाताई (डी 104): सगळ्यांच्या आधी ओमची. शाळा उघडेपर्यंत दुसरं काही हातात घेत नाही. जीन्सची चेन तर अजिबात नाही, सुई तुटते.

बोंडे काका (ए 101): रेखाताई, एक छोटं काम होतं. माझी ती ग्रे पँट. फक्त कंबर थोडी वाढवायची. दहा मिनिटांचं काम.

रेखाताई (डी 104): बोंडे साहेब, त्या पँटचा दाब मागच्या वेळीच संपला. मीच काढला होता. आता आत काही नाही.

बोंडे काका (ए 101): मग बाजूने पट्टी टाका ना.

रेखाताई (डी 104): टाकते. कापड त्याच रंगाचं आणा. आणि माप बसून घेईन, जेवल्यावर.