लेक जुलैत एनडीएला चालली आहे : ट्रंक आणि धावायचे बूट सुचवा (बजेट ५,०००)

ऐरोलीची आई
लेकीचं जॉइनिंग लेटर आलं! जुलैत खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, सोडायचं आहे. यादीतलं बाकी सगळं झालं, पत्र्याची ट्रंक आणि धावायचे बूट राहिलेत. दोन्ही मिळून पाच हजार, त्यावर एक रुपया नाही, कारण सुरुवातीला भरायची रक्कम वेगळी आहे. तिचा पाय रुंद आहे. ठाणे, वाशी, कुठेही येईन.

नौपाड्याचा धावपटू
अभिनंदन ताई! बुटांत काटकसर करू नका. माझे साडेअकरा हजारांचे आहेत, येऊरची चढण रोज चढतो, तीन वर्षांत गुडघा एकदाही दुखला नाही. ट्रंक कुठलीही चालते.

घणसोली सेक्टर ७
ट्रंक कुठलीही चालत नाही. भाच्याला हॉस्टेलसाठी घाईत घेतली, पहिल्याच आठवड्यात कोयंडा उपटून हातात आला. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही. घेण्याआधी कोयंडा जोरात ओढून बघा आणि आतल्या कडेवरून हात फिरवा, पत्रा कापतो.

ठाणेकर काका
मुलगी इतकी हुशार, मग इंजिनीअरिंग का नाही? तीन वर्षं कवायत करून पदवी कुठली मिळणार?

माजी कॅडेट, खारघर
काका, पदवी जेएनयूची मिळते. आर्मीवाल्यांना बीए, बीएस्सी किंवा कॉम्प्युटर सायन्स, मग एक वर्ष देहरादूनच्या आर्मी अकादमीला. नेव्ही आणि एअर फोर्सवाले बीटेक करतात, त्यांचं चौथं वर्ष नेव्हीच्या एळिमला अकादमीत आणि एअर फोर्सच्या दुंडिगल अकादमीत.

ताई, आता बुटांचं. नवे कोरे बूट तिथे नेऊन पहिल्यांदा घालू नका. पहिल्या टर्मला चालणं असं नसतंच, पळत नाहीतर सायकलवर. माझ्या टाचा दुसऱ्या दिवशीच सोलल्या होत्या आणि तशाच पायांनी ड्रिलला उभा राहिलो. महिनाभर आधी घेऊन रोज वापरू द्या. जुलैत पाऊस थांबत नाही, ओला बूट सकाळपर्यंत वाळत नाही. म्हणून एका महागड्या जोडापेक्षा साधे दोन जोड घ्या. आणि पोहता येतं का तिला? तिथे शिकवतात, पण आधीच येत असेल तर तेवढी ताकद वाचते. इस्त्री, पॉलिश, बटण लावणं घरीच शिकवा.

नौपाड्याचा धावपटू
दोन साध्यांपेक्षा एक चांगला केव्हाही बरा. अनुभवाने सांगतोय.

कळव्याची मावशी
एनडीएची ३० मे २०२५ ची पासिंग आउट परेड मी टीव्हीवर पाहिली. पहिल्या १७ मुली खेत्रपाल ग्राउंडवरून बाहेर पडल्या, माझे डोळे भरून आले. ताई, तुमच्या लेकीलाही तिथे बघायचंय. १९४९ पासून खडकवासल्याला ट्रेनिंग चालू आहे, मुलींना मात्र २०२२ मध्ये प्रवेश मिळाला.

माजी कॅडेट, खारघर
मावशी, १९४९ मध्ये खडकवासल्याला फक्त पायाभरणी झाली, ६ ऑक्टोबरला. ट्रेनिंग तेव्हा देहरादूनला होतं. इथे अकादमी सुरू झाली जानेवारी १९५५ मध्ये.

कळव्याची मावशी
बरं, पायाभरणी. मुलींना उशीर झाला हे खरंच ना?

वाशीचा दुकानवाला
बुटांच्या दुकानात नऊ वर्षं उभा आहे. रुंद पायाला एक नंबर मोठा देऊन काम भागवतात, ते घेऊ नका. टाच आत सरकते आणि फोड तिथेच येतात. रुंद साचा मागा. संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, माप खरं मिळतं.

घणसोली सेक्टर ७
आणि कोयंडा ओढून बघाच.

ऐरोलीची आई
सगळ्यांचे आभार. ट्रंक विकत घेतलीच नाही. सासऱ्यांची जुनी माळ्यावर होती, ते मुंबईत नोकरीला आले तेव्हाची. गंज घासला, काळा रंग दिला, नवा कोयंडा बसवून घेतला, ३५० रुपये झाले. आत त्यांचं नाव कोरलेलं आहे. खोडू का विचारलं तर लेक म्हणाली, राहू दे.

बुटांचे दोन साधे जोड तिने घालून पाहिले, दोन्ही करंगळीला लागले. शेवटी रुंद साच्याचा एकच घेतला, ४,४०० ला. पावसात आलटूनपालटून घालायला एसएसबीच्या (सैन्याच्या निवड चाचणीच्या) तयारीचा जुना जोड नेईल. पोहता येत नाही, सोमवारपासून पहाटे क्लास. त्याची फी बजेटबाहेर गेली, पण ती मी बघते. आज नवे बूट घालून खाडीच्या बाजूला दोन किलोमीटर धावून आली. डाव्या टाचेला जरा घासतंय म्हणते.