मदत हवी आहे: मालवणात जुनी शीडाची होडी घेतोय, कागद काय बघू?

२२ फुटी फायबर होडी आहे, शीड आणि मागे बाहेरून लावायचं ९.९ एचपी इंजिन (आउटबोर्ड). नोंदणी मासेमारीची, तीही विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. "शंभरच्या स्टँपवर लिहून देतो, विसार टाका," म्हणतो. मला स्वतः फिरवायची आहे, पुढेमागे चार पर्यटकही नेईन. एवढ्या कागदावर भागेल का?

किनारपट्टी:
नाही. विसार थांबवा. वडिलांचं नाव आहे म्हणजे हा एकटा मालक नाहीच. वारसांचा दाखला, बहिणींसकट सगळ्यांचं संमतिपत्र, मग होडी वारसांच्या नावावर, मग तुमच्या. गाडी अडते ती बहुधा लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणीच्या सहीवर. शंभरचा स्टँप तर ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला, आता किमान ५०० चा.

होडीवर किंवा इंजिनावर कर्जाचा बोजा असू शकतो, म्हणून मच्छीमार सोसायटीचा ना-देय दाखला (काही देणं बाकी नाही असा) लेखी घ्या. 'सगळं फेडलंय' हे तोंडी ऐकून उठू नका. दंडाचं प्रकरण बाकी आहे का, ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारा.

डोलकाठी:
१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच जा. टेप घेऊन लांबी, रुंदी, खोली मोजा आणि नोंदणीच्या दाखल्याशी ताडून बघा; नाळेवरचा (होडीच्या पुढच्या टोकावरचा) नंबरही. आउटबोर्डचा नंबर होडीला अडकणाऱ्या ब्रॅकेटच्या पट्टीवर असतो. मिठाचा थर गोड्या पाण्याने, फडक्याने काढा. पॉलिशपेपर लावलात तर अक्षरंच जातील. इंजिन मध्ये बदललं असेल तर दाखल्यावर जुनाच नंबर सापडेल, आणि नव्याचं बिल नसेल तर ते कुणाचं हे सिद्ध करणार कसं? बिलाशिवाय इंजिनाची किंमत शून्य धरा.

किनारपट्टी:
पर्यटकांचं वेगळं. मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणी आणि सर्वेक्षण (होडीची तपासणी) करावं लागतं. सौदा ठरण्याआधीच बंदर कार्यालयात होडी दाखवा, नाहीतर घेतल्यावर कळेल की सर्वेक्षणात बसत नाही.

धागाकर्ता:
विमा चालू आहे म्हणतो. तो मला मिळेल ना?

डोलकाठी:
आपोआप नाही. १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालकी गेली म्हणून पॉलिसी मागोमाग येत नाही, तसं ठरलेलं असावं लागतं. कंपनीकडून लेखी घ्या किंवा नवीन काढा. सौदापत्रात शीड, डोलकाठी, नांगर, दोर नावानिशी लिहा. उरलेले पैसे नोंदणीवर तुमचं नाव चढल्यावरच द्या.