आईच्या अंगठ्यावरचा घट्टा
आपण आपल्या आजींच्या गोधडीविषयी लिहिलेली आठवण वाचली आणि गेल्या श्रावणात ९१व्या वर्षी गेलेली आमची आई, जिला नातवंडेही आईच म्हणत, डोळ्यांपुढे उभी राहिली. १९७२च्या दुष्काळात तिने विड्या वळून आम्हा चार भावंडांना जगवले. पाने कातरून कातरून उजव्या अंगठ्याला पडलेला घट्टा शेवटपर्यंत तसाच होता, आणि नातवंडे त्यावरून बोट फिरवीत झोपी जात. संक्रांतीला सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या सातही नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचे, दर्शन होईपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. यंदा सिद्धरामेश्वरांच्या याच संक्रांतीच्या यात्रेला, गड्ड्याच्या यात्रेला, धाकटी नात तिचीच सोलापुरी चादर पांघरून गेली होती.